संमतीपत्रावर आईऐवजी माझी सही घेतली. ही संमती कोणाची धरायची?

प्रश्न

माझ्या आईचे वय 67 आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली. तपासणीच्या वेळी शल्यचिकित्सकांनी कागदावर पोटाची आकृती काढली, तिच्यावर चार टिंबे दिली आणि "एवढीच चार छिद्रे, तिसऱ्या दिवशी घरी" असे आम्हा दोघांना सांगितले. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आईला गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतल्यानंतर एका कर्मचाऱ्याने माझ्यापुढे फाइल धरली आणि जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करा, असे सांगितले. मी पाच सह्या केल्या. शस्त्रक्रियेच्या नावाची जागा तेव्हा कोरी होती. हे मला पक्के आठवते, कारण ती कोणी भरायची असे मी विचारले होते आणि "ते आम्ही भरतो" असे उत्तर मिळाले होते. आई माझ्यापासून दोन हातांवर होती, पूर्ण शुद्धीत होती आणि शेजारच्या रुग्णाची विचारपूस करत होती. तिला कोणी काही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

शस्त्रक्रिया चालू असताना दुर्बिणीने पुढे जाणे धोक्याचे वाटल्यामुळे पोट उघडावे लागले. शुद्धीवर आल्यावर आईने बरगडीखालची लांबलचक पट्टी चाचपली आणि पहिला प्रश्न केला, "हे कोणी ठरवलं?" आज तिची प्रकृती चांगली आहे आणि शल्यचिकित्सकांच्या कौशल्याबद्दल आमची तक्रार नाही. घरी आणलेल्या संमतीपत्राच्या प्रतीत मात्र ती कोरी जागा वेगळ्या शाईने भरलेली आहे, आणि खाली बारीक अक्षरांत छापले आहे की शस्त्रक्रियेदरम्यान डॉक्टरांना आवश्यक वाटेल ती अन्य कोणतीही प्रक्रिया करण्यास संमती आहे.

आई स्वतः निर्णय घेऊ शकत असताना माझ्या सहीला काय अर्थ आहे? पोट उघडणे त्या छापील वाक्यात बसते का? आणि तिसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पित्तनलिकेत एक खडा राहून गेल्याचे आता आढळले असून तो ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढावा लागेल. या वेळी काय विचारावे आणि कोणाला, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 (निवृत्त शल्यचिकित्सक)

आधी शस्त्रक्रियेबद्दल लिहितो, म्हणजे तुमच्या आईंच्या मनातली निदान एक शंका दूर होईल. दुर्बिणीने पित्ताशय काढताना त्याच्या मानेजवळची नळी आणि रक्तवाहिनी ओळखून, वेगळ्या करून, मगच कापायच्या असतात. पूर्वीच्या दाहामुळे तो भाग चिकटलेला असेल आणि काय कोठे आहे हे स्पष्ट दिसत नसेल, तर अंदाजाने कात्री चालवण्याऐवजी पोट उघडणे, हा शहाणपणाचा निर्णय असतो. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका एरवी हजारांत तीन ते पाच रुग्णांना असतो. पण ती झाली, तर रुग्णाला पुढे अनेक वर्षे त्रास होऊ शकतो. तेव्हा पोट उघडले म्हणजे काहीतरी बिघडले, असे समजू नका.

मात्र हा बदल अनपेक्षित नव्हता. दुर्बिणीने सुरू केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेत ही शक्यता असते, प्रत्येक शल्यचिकित्सकाला ती ठाऊक असते, आणि ती सांगायला अर्धे मिनिट लागते. चार टिंबांच्या शेजारी बरगडीखाली एक तिरकी रेघ काढून "शंभरातल्या काही जणांना असेही करावे लागते, मग मुक्काम वाढतो आणि दुखणेही जास्त असते" एवढे म्हटले असते, तर तुमच्या आईंनी शुद्धीवर येताच तो प्रश्न विचारला नसता. मी स्वतः उमेदीच्या काळात ती रेघ कित्येकदा काढलेली नाही, हे कबूल करतो. रुग्ण घाबरेल, असे मी स्वतःला सांगत असे. बाहेर पंचवीस जण बसलेले असत, हे खरे कारण होते.

ईआरसीपीबद्दल थोडक्यात सांगतो. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनलिका जिथे उघडते ते तोंड छेद देऊन रुंद करतात आणि बारीक जाळीने किंवा फुग्याने खडा ओढून काढतात. पोटावर टाका येत नाही, म्हणून रुग्णांना ही किरकोळ तपासणी वाटते, आणि अनेकदा तशीच ती त्यांना सांगितलीही जाते. तसे नाही. स्वादुपिंडाला सूज येणे ही तिची सर्वांत ओळखीची गुंतागुंत आहे आणि ती विरळाही नाही. बहुतेकांत ती सौम्य असते, थोड्यांत गंभीर होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे, हे इतर धोके आहेत. खडा तसाच ठेवला तर कावीळ, पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाची सूज होऊ शकते, म्हणून तो काढण्याचा सल्ला योग्यच आहे. पहिल्या प्रयत्नात खडा निघाला नाही तर काय करणार, पित्तनलिकेत नळी (स्टेंट) ठेवणार का आणि ठेवली तर ती केव्हा काढणार, हे आवर्जून विचारा. नळी ठेवल्याचे विसरून जाणारे रुग्ण मी पाहिले आहेत; त्यांना ते कोणी नीट सांगितलेलेच नव्हते.

उत्तर 2 (वकील, वैद्यकीय खटल्यांचा अनुभव)

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्यामुळे तुमच्या प्रकरणाचा निकाल मी येथे सांगत नाही. पण गाभ्याचे तत्त्व बहुतेक ठिकाणी सारखे आहे. सज्ञान आणि निर्णयक्षम व्यक्तीच्या शरीराबाबत संमती देण्याचा अधिकार तिचा एकटीचा असतो. मुलगा, पती, पत्नी किंवा आईवडील यांना केवळ नात्यामुळे तो मिळत नाही. तुमची सही नातेवाइकाला माहिती दिल्याची नोंद म्हणून फार तर उपयोगी पडेल. तुमच्या आईंची संमती म्हणून तिला किंमत नाही.

न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1914 मध्ये दिलेल्या निकालात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हे तत्त्व मांडले होते. त्यातील स्त्रीने भूल देऊन केवळ तपासणी करण्यास होकार दिला होता, आणि भुलीत असताना तिची गाठ काढून टाकण्यात आली. गंमत अशी की ज्या खटल्याचा दाखला जगभर दिला जातो, तो ती हरली, कारण रुग्णालय धर्मादाय होते आणि त्या काळी अशा संस्थेवर जबाबदारी टाकता येत नसे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2008 मध्ये जवळपास तसेच प्रकरण आले. रुग्ण स्त्रीने दुर्बिणीने निदान करण्यापुरती संमती दिली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले की निदानाची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान होती आणि काही वेळाने शुद्धीवर येणारच होती. जीव वाचवण्यासाठी त्याच क्षणी ते करणे भाग नव्हते. तेव्हा आईची परवानगी पुरेशी नाही.

तुमचे प्रकरण यापेक्षा वेगळे आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तुमच्या आईंनी पित्ताशय काढण्यास तोंडी होकार दिला होता आणि पित्ताशयच काढले गेले. बदलला तो मार्ग, आणि तोही सुरक्षिततेसाठी. पोट उघडण्याच्या निर्णयाला आव्हान देणे मला कठीण वाटते. ती शक्यता आधी न सांगणे, सही भलत्याच व्यक्तीची घेणे आणि कोरी जागा मागाहून भरणे, या तीन गोष्टी मात्र दोषास्पद आहेत, आणि तिसरी रुग्णालयालाच सर्वाधिक अडचणीची ठरेल. "अन्य कोणतीही प्रक्रिया" या वाक्यावर डॉक्टरांनीही फार विसंबू नये. न्यायालये असे सरसकट वाक्य अरुंद अर्थाने वाचतात, कारण ज्याची कल्पनाच रुग्णाला दिली नाही त्याला त्याने संमती दिली, असे मानता येत नाही.

किती सांगायचे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. इतर डॉक्टर सहसा जेवढे सांगतात तेवढे पुरे, ही जुनी कसोटी होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती बाजूला सारली. त्या खटल्यात मधुमेह असलेल्या, ठेंगण्या बांध्याच्या गर्भवतीला प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा नऊ ते दहा टक्के धोका सांगितलाच नव्हता, कारण सांगितला असता तर ती सिझेरियन मागेल, असे डॉक्टरांना वाटले. बाळाचा खांदा अडकला आणि प्राणवायूअभावी त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने ठरवले की त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला, किंवा खुद्द त्या रुग्णाला, जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितलाच पाहिजे, आणि पर्यायही सांगितले पाहिजेत. भारतातील 2008 च्या निकालाने इतके पुढचे पाऊल टाकले नव्हते. पुरेशी माहिती दिली पाहिजे, हे मात्र त्यानेही बजावले होते.

रुग्ण बेशुद्ध आहे, उशीर जिवावर बेतेल आणि त्याने आधी नकार दिल्याचे माहीत नाही, अशा वेळी संमतीशिवाय उपचार करता येतात. नकार माहीत असेल तर तो आणीबाणीतही पाळावा लागतो. कॅनडात अपघातात बेशुद्ध झालेल्या स्त्रीच्या पर्समध्ये, धार्मिक श्रद्धेमुळे रक्त देऊ नये, अशी सही केलेली चिठ्ठी होती. डॉक्टरांनी तरीही रक्त दिले, ती वाचली, आणि ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने 1990 मध्ये नुकसानभरपाई तिच्याच बाजूने कायम केली. अनेकांना हा निकाल पटत नाही. मला पटतो, पण सहज नाही.

उत्तर 3 (एक सदस्य)

वकीलसाहेबांचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल, पण घरातले वास्तव वेगळे असते. माझ्या वडिलांच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा ती कर्करोगाची आहे, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. आधीच खचलेल्या माणसाला दहा गुंतागुंतींची यादी वाचून दाखवण्यात कसला आदर आहे? सगळ्या सह्या मीच केल्या आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. डॉक्टरही आम्हाला म्हणाले की तुम्ही ठरवा.

उत्तर 4 (परिचारिका, शस्त्रक्रिया विभाग)

वरच्या सदस्यांना दुखावण्याचा हेतू नाही, पण मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी असते, म्हणून लिहिते. ज्यांच्यापासून आजार लपवलेला असतो, ते रुग्ण बहुधा रात्री, नातेवाईक झोपल्यावर, आम्हाला विचारतात. "सिस्टर, ही साधी गाठ असती तर मला चार वेळा सुई लावली असती का?" असे एका आजोबांनी मला विचारले होते. त्यांना माहीत होते. त्यांना ते कोणाशी बोलता येत नव्हते, एवढेच. काही रुग्णांना खरोखर तपशील नको असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. "मला काही सांगू नका, माझ्या मुलीशी बोला" असे रुग्णाने म्हटले तर ते फाइलमध्ये तसे लिहावे आणि मुलीशी बोलावे. पण तसे म्हणायची संधी आधी त्याला मिळायला हवी. तुम्ही वडिलांना "तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?" एवढे विचारले होते का, हे मला माहीत नाही, विचारले असेल तर माझे म्हणणे मागे घेते.

आता सहीबद्दल. मोठ्या रुग्णालयांत संमतीपत्र भरून घेण्याचे काम फिरत फिरत सर्वांत कनिष्ठ माणसाकडे येते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दुपारी पाहून जातात, अर्ज रात्री अकराला निवासी डॉक्टर घेऊन येतात किंवा आमच्या हाती देतात, आणि ज्याला प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत, त्याच्यासमोर रुग्ण सही करतो. मी साक्षीदार म्हणून सही करते, तेव्हा सही माझ्यासमोर झाली, एवढेच मी सांगू शकते; समजावून सांगितले, याची साक्ष माझ्याकडून कोणी धरू नये.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली. शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी रुग्णाला विचारते, "उद्या घरी कोणी विचारले की काय केले, तर काय सांगाल?" एकदा उजव्या बाजूच्या हर्नियासाठी आलेल्या, सही, तारीख आणि वेळ सगळे चोख असलेल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की माझे अपेंडिक्स काढणार आहेत. कागदात काहीही चूक नव्हती. मी डॉक्टरांना बोलावले, त्यांनी दहा मिनिटे बसून पुन्हा सांगितले, त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची यादी अर्धा तास पुढे गेली आणि मला बोलणी बसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी-यादीत भूल देण्यापूर्वी रुग्णाकडून नाव, शरीराची जागा, प्रक्रिया आणि संमती यांची खात्री करून घ्यायची असते. रुग्णाकडून, फाइलकडून नव्हे. गडबडीच्या दिवशी ती चौकट कशी भरली जाते, हे मी येथे लिहीत नाही.

तुमच्या आईंसाठी एवढेच सुचवते की अर्ज आदल्या दिवशी मागून घ्या आणि त्यांच्या चष्म्यासह त्यांच्या हाती द्या. चष्मा काढून ठेवलेल्या रुग्णापुढे बारीक छापलेला कागद धरणे हा रोजचा प्रकार आहे.

उत्तर 5 (भूलतज्ज्ञ)

एक मुद्दा राहिला आहे. मन शांत राहावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मिडाझोलामसारख्या औषधानंतर रुग्ण जागा दिसतो, बोलतो, हसतोही. पण त्यानंतरचे बरेचसे त्याच्या स्मरणात राहत नाही. अशा अवस्थेत घेतलेली सही मी ग्राह्य धरत नाही, आणि ती राहून गेल्याचे लक्षात आले तर, नाइलाज असल्याखेरीज, प्रक्रिया पुढे ढकलण्याचा आग्रह धरतो. ईआरसीपी सहसा गुंगीत किंवा पूर्ण भूल देऊन होते, तेव्हा भुलीबद्दलचे बोलणेही वेगळे आणि औषधाच्या आधी व्हायला हवे. सैल दात, घोरणे, पूर्वीच्या भुलीचा त्रास आणि रक्त पातळ करणारी औषधे, हे सगळे आईंनी स्वतः सांगावे. मुलांना यातले निम्मे माहीत नसते. आणि सही झाली म्हणजे दार बंद झाले, असे नाही. भूल सुरू होईपर्यंत रुग्ण "थांबा" म्हणू शकतो, आणि तसे म्हटल्यावर थांबावे लागते.

प्रश्नकर्त्याची पुढील नोंद (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. काल ईआरसीपी झाली, खडा निघाला, नळी ठेवावी लागली नाही.

आदल्या दिवशी मी अर्ज मागून घेतला. मी तो आईला वाचून दाखवू लागलो, तेव्हा तिने तो माझ्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन स्वतः वाचला. "अन्य कोणतीही प्रक्रिया" हे वाक्य येथेही होते. डॉक्टर आले तेव्हा तिने त्यावर बोट ठेवून विचारले, "यात पोट उघडणं येतं का?" त्यांनी सांगितले की आतड्याला छिद्र पडले आणि ते दुर्बिणीने बंद करता आले नाही, तरच तशी वेळ येईल, आणि ती फार क्वचित येते. आईने त्यांना तेवढेच त्या वाक्याच्या जागी लिहायला सांगितले. त्यांनी छापील ओळ खोडली, वर हाताने दीड ओळ लिहिली आणि बाजूला आपली सही केली. खाली आईने सही केली.

मी तयार केलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक तिने विचारले नाहीत. तिने विचारलेला दुसरा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. खडा काढताना काही अडचण आली, तर बाहेर बसलेल्या मुलाला काय विचारणार आणि काय विचारणार नाही, असे तिने विचारले. डॉक्टर थोडे थांबले आणि म्हणाले, "त्यांना कळवू. विचारायचं ते आत्ताच तुम्हाला विचारून घेतो." मग ते खुर्ची ओढून बसले.

नातेवाइकाच्या सहीची चौकट अर्जावर होतीच. तिथे मीही सही केली. आईने त्याआधी त्या चौकटीवर स्वतःच्या अक्षरांत "माहितीसाठी" असे लिहिले होते.